मराठी पुस्तकं लेटेक आणि विमवर करतो, ८४ पानी मॅन्युअल लिहिलं तरी नवीन माणूस अडकतोच, काय बदलू?

गिरगाव_गल्ली
शनिवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी, पोस्ट मोठी आहे पण कुणाला तरी विचारायलाच हवं होतं.

गिरगावात आमचं छोटं युनिट आहे, चार माणसं. मराठी पुस्तकं आणि दोन मासिकं यांची जुळणी, मांडणी, छपाईला पीडीएफ देईपर्यंतचं सगळं आम्ही करतो. सात वर्षांपूर्वी पेजमेकर सोडलं आणि सगळं लेटेकवर आणलं, म्हणजे मजकुरातच कमांडी लिहून पानं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, एडिटर विम (माउसशिवाय, नुसत्या कीबोर्डवर चालणारा), कोणी काय बदललं त्याचा हिशोब गिटमध्ये, आणि शेवटी झीलेटेक (लेटेकचाच एक प्रकार) चालवलं की पीडीएफ. मला स्वतःला हे प्रचंड आवडतं. साडेपाचशे पानांच्या पुस्तकात लेखकाने शेवटच्या दिवशी मधेच एक प्रकरण घुसवलं तरी तळटीपा, अनुक्रमणिका, पानांचे आकडे सगळं आपलं आपण सरकतं, पूर्वी तेवढ्या कामाला आम्ही रात्रभर बसायचो.

अडचण माणसांची आहे. दोन वर्षांत तीन जण आले, तिघेही डीटीपी उत्तम येणारे, श्रीलिपीवर हात बसलेला, आणि तिघेही महिन्याच्या आत सोडून गेले. शेवटची मुलगी जाताना म्हणाली, "सर, काम आवडलं, पण रोज सकाळी त्या काळ्या स्क्रीनसमोर बसताना पोटात गोळा यायचा." ते मला फार लागलं.

मॅन्युअल आहे, ८४ पानांचं, मीच लिहिलंय, दोन पावसाळे गेले त्यात. सुरुवातीला लेटेक ज्यावर उभं आहे त्या टेकचा इतिहास, मग विमचे मोड, मग लेटेकच्या कमांडी, मग गिट, शेवटी एरर आली तर काय करायचं. सगळं आहे हो त्यात. तरी पहिल्याच आठवड्यात माणूस अडकतो आणि मला विचारायला येतो, किंवा येतच नाही आणि गप्प बसून राहतो, ते जास्त वाईट.

परवा सोमवारी नवीन मुलगी येतेय. मॅन्युअल परत लिहू, का सॉफ्टवेअरच बदलू? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी प्लीज सांगा.

कुर्ला_हार्बर
रविवार, सकाळी ८:०५

दादा, लगेच लिहायला बसू नका. सोमवारी ती मुलगी आली की तिच्या मागे खुर्ची टाकून बसा, हातात वही घ्या आणि तोंड बंद ठेवा. तिचा हात कीबोर्डवर जिथे थांबतो तिथे नोंद करायची, बस. अर्धा तास. सांगायला जीभ शिवशिवते, मला माहितीये, पण सांगितलं की तो अडथळा तुम्हाला परत कधीच दिसणार नाही, कारण तो तुम्हीच बुजवलात.

मी अंधेरीला सर्व्हर सपोर्टमध्ये आहे, दर जूनमध्ये फ्रेशर येतात, त्यांच्यामागे बसून मला जे दिसलं ते आमच्या कुठल्याच डॉक्युमेंटमध्ये नव्हतं. एका मुलाने पासवर्ड टाइप केला, स्क्रीनवर काहीच उमटेना, टिंबंसुद्धा नाहीत, तो उठून दुसरा कीबोर्ड शोधायला गेला. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांडी टाइप करायच्या त्या काळ्या खिडकीत, पासवर्ड दिसत नाही हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलंय की लिहायचं सुचतच नाही. दुसरीने आमच्या डॉक्युमेंटमधली कमांड जशीच्या तशी मारली, पुढच्या डॉलरच्या चिन्हासकट. तो डॉलर म्हणजे प्रॉम्प्ट, संगणक कमांडची वाट बघतोय याची खूण, तो टाइप करायचा नसतो, हे तिला कोणी सांगणार? तसंच फाइलचं नाव म्हणून आपण टोकदार कंसात लिहितो ना, ते कंससुद्धा लोक टाइप करतात, आणि शेलमध्ये (कमांडी वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) त्या कंसांना भलताच अर्थ आहे.

आणि सगळ्यात मोठं, कमांड बरोबर चालली की युनिक्स (लिनक्स त्याच घराण्यातलं) काहीच बोलत नाही. नवीन माणसाला वाटतं काही झालंच नाही, तो परत मारतो. आपल्याकडे रिक्षावाल्याला "स्टेशन" म्हटलं तर तो निदान मान हलवतो, तेव्हा आपण बसतो. इथे मान पण हलत नाही. तुमच्या स्क्रिप्टना शेवटी एक ओळ बोलायला लावा, "झालं, फाइल अमुक ठिकाणी आहे". एवढ्याने खूप फरक पडतो, अनुभवाने सांगतोय.

नवशिकी_ठाणे
रविवार, दुपारी १२:४०

मी पहिल्यांदाच इथे लिहितेय. मी डीटीपीच करते, बारा वर्षं झाली, आणि एका ठिकाणी अगदी असंच विम-लेटेकचं काम होतं, मी पाच आठवडे टिकले. तेव्हा कोणाला सांगितलं नाही, आता सांगते, कदाचित तुमच्या नवीन मुलीला उपयोग होईल.

पहिल्या दिवशी दोन पानं मजकूर टाइप केला आणि सवयीने कंट्रोल एस मारलं. स्क्रीन गोठली. काही दाबा, हलेना. मला वाटलं मशीन बिघडलं माझ्या हातून, पहिल्याच दिवशी, घाम फुटला. मी टर्मिनलची खिडकीच बंद केली आणि सगळं परत टाइप केलं. दुसऱ्या दिवशी चूक झाली म्हणून कंट्रोल झेड मारलं, तर अख्खं विम गायब. परत फाइल उघडली तर मोठा इंग्रजी मजकूर, वर "अटेन्शन" असं मोठ्या अक्षरात, आणि खाली चार-पाच पर्याय. घाबरून मी काहीतरी एक दाबलं. काय दाबलं ते आजही आठवत नाही.

मराठी तर त्याहून वाईट. टर्मिनलमध्ये वेलांटी भलतीकडे दिसायची, रफार सुटा, जोडाक्षर फुटलेलं. मला वाटायचं मीच चुकीचं टाइप करतेय, म्हणून खोडून परत, खोडून परत. पीडीएफमध्ये सगळं बरोबर येतं हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं, ते पण शेजारच्या काकांनी सहज म्हटलं म्हणून!! आणि कीबोर्ड मराठीवर असला की विमच्या कमांडी चालतच नाहीत. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर आय दाबला की ग येतो, कोलन दाबायला गेलं की छ. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं, टायपिंग सुरू करायला "आय दाबा", मी आय दाबत होते, काही होत नव्हतं. मी मूर्ख आहे असं वाटायचं मला. सर, तुमच्या ८४ पानांत हे आहे का? नसेल तर बाकी काही नाही लिहिलंत तरी चालेल, हे लिहा.

कुर्ला_हार्बर
रविवार, दुपारी १:१५

ताई, चूक तुमची नव्हतीच. कंट्रोल एस ही जुन्या टर्मिनलची "थांब" खूण आहे, आउटपुट थांबतं, कंट्रोल क्यू दाबलं की परत सुरू होतं, तुमची दोन पानं तिथेच होती. कंट्रोल झेडने विम मागे जाऊन झोपतं, "एफजी" टाइप करून एंटर मारलं की परत समोर येतं. आणि ते अटेन्शन यासाठी की तीच फाइल मागच्या विममध्ये उघडी होती, विम तुमचं काम वाचवायलाच ओरडत होतं, पण भाषा अशी की जणू तुम्ही गुन्हा केलाय.

गिरगाव दादा, कंट्रोल एसचा त्रास एका ओळीत जातो, बॅशआरसीमध्ये (टर्मिनलच्या सेटिंगची फाइल) "एसटीटीवाय" आणि पुढे वजा "आयएक्सऑन" टाका. विमआरसीमध्ये (विमच्या सेटिंगची फाइल) कंट्रोल झेडला "शेवटचं पाऊल मागे" असं जोडून टाका. मराठी कीबोर्डसाठी विममध्ये लँगमॅप नावाचं सेटिंग आहे, त्यात ग म्हणजे आय, छ म्हणजे कोलन असं लिहून ठेवता येतं. पण कोलन लागला तरी पुढचे डब्ल्यू (सेव्ह), क्यू (बंद) परत मराठीतच उमटणार, त्यामुळे तेवढ्याने भागणार नाही.

वरळी_नाका
रविवार, दुपारी २:०२

एवढी मारामारी कशाला, ओव्हरलीफ वापरा ना, ब्राउझरमध्येच लेटेक, एका बाजूला मजकूर एका बाजूला पान. नाहीतर टिप्स्ट बघा, लेटेकसारखंच दुसरं सॉफ्टवेअर, त्याच्या एरर माणसाला कळतील अशा असतात.

गिरगाव_गल्ली
रविवार, दुपारी ३:३०

टिप्स्ट बघितलंय, एरर खरंच सरळ भाषेत येते, पुढच्या एखाद्या छोट्या पुस्तकाला करून बघेन. पण आमची सात वर्षांची पुस्तकं लेटेकमध्ये आहेत, दुसरी-तिसरी आवृत्ती त्याच फाइलींतून निघते, ती सोडता येत नाहीत.

ठाण्याच्या ताई, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. नाही, यातलं एकही माझ्या ८४ पानांत नाही. त्यात पहिली नऊ पानं टेकचा इतिहास आहे.

मुलुंड_क्लास
रविवार, रात्री ९:५०

मी मुलुंडला अकाउंट्सचे क्लास घेतो, लेटेक मला येत नाही, पण कीबोर्डवर चालणारं किचकट सॉफ्टवेअर नवीन माणसाला शिकवणं हाच माझा धंदा आहे म्हणून लिहितो.

टॅली बघा. माउसला हात न लावता अख्खी मुंबई त्याच्यावर हिशोब लिहिते. बारावी झालेली मुलं, मस्जिद बंदरच्या पेढीवरचे साठीचे मुनीमजी, कोणी मॅन्युअल वाचत नाही आणि कोणी घाबरत पण नाही. का, तर आत्ता या क्षणी कुठल्या की चालतात ते उजव्या बाजूला कायम लिहिलेलं असतं. एफ पाच पेमेंट, एफ सहा रिसीट, एफ आठ सेल्स, एफ नऊ पर्चेस. मेनूत प्रत्येक ओळीतलं एक अक्षर उठून दिसतं, तेच दाबायचं. महिनाभरात बोटांना पाठ होतं आणि मग उजवीकडे कोणी बघत नाही, पण पाठ करा म्हणून कोणी सांगितलेलं नसतं. २०२० मध्ये टॅलीप्राइम आलं त्यात त्यांनी ऑल्ट जी दिलं, कुठे जायचंय ते नुसतं टाइप करा, तिथे पोचवतो, आधी रिपोर्टचा रस्ता मेनूंमधून माहीत असावा लागायचा.

तुमच्या प्रकरणात मला एक गोष्ट सुचते. ताई म्हणाल्या मराठी कीबोर्ड लावला की अक्षरं बदलतात. पण एफ एक ते एफ बारा बदलत नाहीत! कीबोर्ड मराठी असो का इंग्रजी, एफ दोन तो एफ दोनच. तर रोज लागणाऱ्या चार-पाच गोष्टी एफ कीवर बसवा, सेव्ह, पीडीएफ काढणे, मागे घेणे, बंद करणे, आणि स्क्रीनच्या तळाला एक ओळ कायम दिसू द्या, एफ दोन ठेवा, एफ नऊ छापा, अशी. लिनक्समध्ये नॅनो नावाचा एडिटर आहे तो तळाला असंच दाखवतो असं मुलगा सांगत होता.

कुर्ला_हार्बर
रविवार, रात्री १०:१०

सर, एफ कीची आयडिया जबरदस्त आहे, वीस वर्षं लिनक्सवर आहे पण हे डोक्यात आलं नव्हतं. नॅनोचं एक आहे, तो कंट्रोलसाठी टोपीचं चिन्ह दाखवतो, टोपी एक्स, आणि नवीन माणूस ती टोपीच शोधत बसतो कीबोर्डवर. तेव्हा तळाच्या ओळीत खुणा नकोत, शब्द लिहा.

खिळे_जुळारी
सोमवार, पहाटे ५:३५

माझे वडील गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे, त्यावरून हे नाव घेतलंय. मी पण पुढे चाळीस वर्षं छपाईतच होतो, आता निवृत्त आहे.

देवनागरीच्या खिळ्यांची केस म्हणजे इंग्रजीपेक्षा कितीतरी मोठी, शेकडो घरं, अर्धी अक्षरं वेगळी, जोडाक्षरं वेगळी, मात्रा-वेलांट्या वेगळ्या. नवीन पोरगा आला की त्याला ती केस पाठ करायला कोणी देत नसे. वडील सांगायचे, पहिला महिना फक्त छापून झालेले खिळे परत आपापल्या घरात टाकायचे. सोडणीचं काम. चुकलं तरी पान बिघडत नाही, आणि हाताला आपोआप कळतं कुठलं अक्षर कुठे राहतं. मगच एक ओळ जुळवायला मिळायची, मग परिच्छेद. तुम्ही नवीन मुलीला पहिल्या दिवशी काय काम देता? रिकामी फाइल उघडून प्रकरण टाइप कर म्हणत असाल तर ते पहिल्या दिवशी पान बांधायला दिल्यासारखं आहे. तिला तयार प्रकरण द्या, प्रुफातल्या दहा दुरुस्त्या द्या, त्या करून पीडीएफ काढू दे. संध्याकाळी घरी जाताना तिच्या हातात छापलेलं पान असू दे.

दुसरं शब्दांबद्दल. तुमच्या मॅन्युअलमध्ये कंपाइल, कमिट, ब्रँच, बफर असे शब्द असणार. ती मुलगी प्रूफ, गॅली, फर्मा, समास, मथळा हे शब्द जाणते. एकदम नवं काम आणि एकदम नवी भाषा, दोन्ही एका दिवशी कशाला? कामाचं नाव तिच्या शब्दात असू दे, संगणकाचा शब्द नंतर कळेल.

इतिहास मात्र फाडून टाकू नका, माझी विनंती आहे. टेक बनवणाऱ्या डोनाल्ड नूथ साहेबांनी १९७७ मध्ये स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं बघितली, जुन्या धातूच्या छपाईच्या मानाने ती त्यांना इतकी वाईट वाटली की त्यांनी टेक करायला घेतलं, हे मला कळलं तेव्हा मला त्या सॉफ्टवेअरबद्दल आपुलकी वाटली, आपल्याच जातकुळीतला माणूस वाटला. विममध्ये हलायला एच, जे, के, एल का, तर ज्या टर्मिनलवर विमचा बाप व्हीआय लिहिला गेला त्याच्या त्याच चार कळांवर बाण छापलेले होते. कारण कळलं की माणूस विसरत नाही. फक्त ते नवव्या पानापर्यंत नको, मागे न्या, तिसऱ्या आठवड्यात ती स्वतः वाचेल.

आणि एक काळजी. सगळं एफ नऊच्या मागे लपवलंत आणि उद्या एफ नऊने एरर दिली तर तिच्याकडे काहीच नसेल. बटणामागे काय घडतं ते कधीतरी उघडून दाखवा तिला.

नवशिकी_ठाणे
सोमवार, सकाळी ९:२०

काका, संध्याकाळी हातात छापलेलं पान, हे वाचून डोळ्यात पाणी आलं. मला पाच आठवड्यांत एकदाही ते मिळालं नाही.

अजून एक सांगायचं राहिलं. आयआयटी पवईचा स्पोकन ट्युटोरियल म्हणून प्रकल्प आहे, लिनक्स, लेटेक वगैरेवर साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, आवाज मराठीत पण मिळतो. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ आणि अर्ध्यावर आपलं सॉफ्टवेअर, ते करतील ते आपण लगेच करायचं, पॉज करायचं, परत करायचं. नोकरी सोडल्यावर मी त्यावर लिनक्स शिकले. मराठीत कोणीतरी शांतपणे सांगतंय यानेच निम्मी भीती गेली, स्क्रीनवरची कमांड इंग्रजीच असली तरी.

गिरगाव_गल्ली
शनिवार, रात्री १०:४५

आठवड्याने लिहितोय, उशीर झाला त्याबद्दल माफ करा, पण काहीतरी करून मगच यायचं ठरवलं होतं.

सोमवारी मुलगी आली, विरारहून येते, सकाळची ७:५२ पकडून. मी मागे खुर्ची टाकून बसलो. काकांनी सांगितलं तसं तयार प्रकरण आणि दहा दुरुस्त्या दिल्या, सोबत मॅन्युअलची संबंधित पानं. तिला आधी सांगितलं की मी तुझी परीक्षा घेत नाहीये, माझ्या मॅन्युअलची घेतोय. अर्ध्या तासात वहीत २३ नोंदी झाल्या. त्यातल्या १९ गोष्टी मॅन्युअलमध्ये कुठेच नव्हत्या, आणि उरलेल्या चार होत्या पण एक सत्तेचाळिसाव्या पानावर, एक एकोणऐंशीव्या.

सगळ्यात खोल रुतलेली सांगतो. दुरुस्तीत एक ओळ होती, "सभासदांना २०% सूट, टपालखर्च वेगळा". तिने बरोबर टाइप केली, पीडीएफ निघाली, एरर नाही, आणि पानावर फक्त "सभासदांना २०". पुढचं गायब. लेटेकमध्ये टक्क्याचं चिन्ह आलं की त्या ओळीतला पुढचा मजकूर टिप्पणी धरला जातो, छापला जात नाही, चिन्हाच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते, हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. ती सहा मिनिटं त्या ओळीकडे बघत होती. मूळ कागद, स्क्रीन, पीडीएफ, परत कागद. मी गप्प बसलो होतो आणि मला आतून फार वाईट वाटत होतं, कारण आधीच्या तिघांनी पण हेच भोगलं असणार, आणि मी तेव्हा लांबून ओरडलो असणार, "अरे, मॅन्युअल बघा ना."

मग तीन रात्री बसून हे केलं. आमच्या तेरा कमांडींच्या जागी तीन स्क्रिप्ट, उघड, छाप, पाठव. छाप आधी फाइल तपासतं, आकड्याला चिकटून टक्क्याचं चिन्ह दिसलं की थांबतं आणि मराठीत विचारतं की हे छापायचंय का. पूर्वी एरर आली की टेक प्रश्नचिन्ह दाखवून वाट बघत बसायचं आणि समोरचा माणूस त्या प्रश्नचिन्हाकडे. आता ते तिथे थांबतच नाही, नॉनस्टॉप मोडमध्ये चालतं, आणि स्क्रिप्ट फक्त पहिली एरर दाखवतं, फाइलचं नाव, ओळीचा नंबर, आणि नेहमीच्या सात-आठ एररींना खाली एक मराठी वाक्य. नीट झालं तर "झालं, १६ पानं, फाइल प्रूफ फोल्डरमध्ये आहे". काका, तुमची काळजी पटली, म्हणून छाप चालताना आतली खरी कमांड पण वर बारीक दाखवतं, लपवलेलं नाही काही. एफ दोन सेव्ह, एफ चार मागे, एफ नऊ छाप, एफ दहा बंद, आणि तळाला ती ओळ शब्दांत. कंट्रोल एस, कंट्रोल झेड दोन्हीचा बंदोबस्त केला.

मॅन्युअलची पहिली चार पानं नवीन लिहिली. पहिल्याच पानावर मोठ्या टाइपात, "टर्मिनलमध्ये मराठी तुटकं दिसतं, तुम्ही चुकला नाहीत, पीडीएफ बघा", आणि खाली तशा तुटक्या ओळीचा फोटो, शेजारी त्याच ओळीचं छापील रूप. हे ठाण्याच्या ताईंचं पान आहे. बाकीची ८० पानं आहेत तशीच मागे ठेवलीत, इतिहास सगळ्यात शेवटी.

काल शुक्रवारी तिने एक फर्मा एकटीने केला, सोळा पानं, मला तीनदा हाक मारली. त्या तिन्ही नोंदी वहीत आहेत, त्यातली एक तर छापच्याच चुकीची निघाली, कवितेच्या ओळीत अडकत होतं, ते दुरुस्त केलं.

एका शब्दावर मात्र घोडं अडलंय. गिटच्या कमिटला काय म्हणायचं? ती "नोंद" म्हणते, आमचे जुने ऑपरेटर "जमा" म्हणतात, मला दोन्ही पूर्ण पटत नाही, कारण कमिट म्हणजे त्या वेळची फाइल जशीच्या तशी बाजूला ठेवणं, नुसतं लिहून ठेवणं नाही. काका, पान छापायच्या आधी मंजूर झालेली जुळणी दोरा बांधून बाजूला ठेवत ना, त्याला छापखान्यात काय म्हणायचे?